रिकामे जंतू

शुक्रवार, १४ एप्रिल

ही डायरी प्रयोगशाळेला काचसामान पुरवणाऱ्या माणसाने दिली. एका तारखेला एक पान. मी ठरवलंय की काही घडलं तरच लिहायचं, नाहीतर पान कोरं सोडायचं. कोरी पानं पुष्कळ राहतील असं दिसतंय, कारण बोगोरचं आमचं अख्खं संशोधन केंद्र आजपासून लेबारानसाठी गावाला निघालं. ईदला इथे कोणी थांबत नाही. थांबते मी. मी कॅथलिक आणि घर फ्लोरेस बेटावर. आमच्या नाताळात ते राखण करतात, त्यांच्या लेबारानला आम्ही. गेल्या वर्षापर्यंत 'आम्ही' म्हणजे मी आणि मेदानचा टोगार. तो नोकरी सोडून गेला, त्यामुळे आता नुसतीच मी.

बू हेर्लिना, म्हणजे आमच्या बाई, निघताना काम सांगून गेल्या. डुकरांच्या तापाच्या तपासणीसाठी लागणारं प्लास्मिड तयार करायचं. प्लास्मिड म्हणजे जंतूच्या पोटातलं डीएनएचं एक छोटं कडं. आमच्या कड्यात त्या तापाच्या विषाणूचा एक निरुपद्रवी तुकडा बसवलेला आहे. जंतू वाढवायचे, फोडायचे, कडं बाहेर काढायचं. तपासणी यंत्राला 'रोग असला तर असा दिसतो' हे दाखवायला ते लागतं. मौमेरेच्या पशुवैद्यांकडे यंत्र आहे, दोनशे डुकरांचं रक्त गोठवून ठेवलेलं आहे, आणि हे कडं नाही. त्यांचे डॉक्टर ब्लासियस जकार्तात बैठकीला येणार आहेत. तीस तारखेला सकाळी ते ट्यूब घेऊन परत जातील.

"सेन्सी, हा तुकडा जंतूंना जड जातो," बाई म्हणाल्या. "संधी मिळाली की टाकून देतात. मूळ साठ्याची एकच ट्यूब उरलीय. आणि आधी ॲम्पिसिलिनचं औषध तपास."

"हो बू," मी म्हणाले. मौमेरे म्हणजे माझं गाव. हे काम मी झोपेतही केलं असतं.

जाण्याआधी सगळ्यांनी साफसफाई केली. माझ्या वाट्याला छोटा फ्रीझर आला. बर्फ इतका साचलेला की दार लागेना. दुपारी तो बंद केला, आतल्या ट्यूब ट्रेमध्ये काढून खिडकीशी ठेवल्या. तेवढ्यात तेह लिलिस निघाली. ती माझ्याहून मोठी, म्हणून 'तेह', म्हणजे ताई. शेजारच्या टेबलावर बसते, आणि दिवसभर बोलते. तिच्या तीन पिशव्या उचलून बसपर्यंत पोचवल्या. बस सुटल्यावर ती वळणाआड जाईपर्यंत बघत राहिले, कशाला कोण जाणे. दिवसभर तिच्या बडबडीला मीच तर कंटाळलेली असते. परत वर गेले नाही, सरळ खोलीवर आले.

रविवार, १६ एप्रिल

चर्चमधली मिस्सा झाल्यावर घरी फोन केला. आईच्या मागे प्रोफेसर ओरडत होता, पण नेहमीसारखा नाही.

प्रोफेसर हे आमचं डुक्कर. माझी मास्टर्स पूर्ण झाली की त्याचीच मेजवानी, म्हणून बाबांनी पिल्लू आणलं त्याच दिवशी हे नाव ठेवलं. मी अभ्यासात मागे पडले आणि तो वाढतच गेला. आता म्हणे त्याला उभं राहायलाही विचार करावा लागतो. आमच्याकडे मुलीला नोना म्हणतात. आई म्हणते, "नोना, तू लवकर पास हो, नाहीतर हाच आधी डॉक्टरेट करेल."

आज मात्र ती थट्टेत नव्हती. म्हणाली, "खात नाहीये नीट. उन्हानं असेल."

मी म्हटलं, "केळीचा गाभा बारीक चिरून दे, पाणी जास्त घाल."

"हो गं बाई, शिकलेली लेक," ती म्हणाली.

सोमवार, १७ एप्रिल

सकाळी वर आले तर फ्रीझरची आठवण झाली. वाळून कोरडाठाक झाला होता. कोपरान् कोपरा पुसला, ट्यूब टोपणाच्या रंगाप्रमाणे लावल्या, लाल टोपणाचं ॲम्पिसिलिन सर्वांत पुढे, आणि चालू केला. इतका देखणा फ्रीझर या केंद्रात कोणी पाहिला नसेल. फोटो काढून तेह लिलिसला पाठवला. तिने उलट गारूतच्या रस्त्यावरच्या गाड्यांच्या रांगेचा शुक्रवारचा फोटो पाठवला. सहा तास जागच्या जागी म्हणे.

जंतू वाढवायच्या प्लेटा ओतल्या, ॲम्पिसिलिन घातलं. त्याचं गणित सोपं आहे. आमच्या कड्यात ॲम्पिसिलिन पचवायची युक्तीही लिहिलेली असते. कडं जवळ असलेला जंतू जगतो, नसलेला मरतो. म्हणजे जे उगवेल ते आपलं. संध्याकाळी मोठ्या फ्रीझरमधल्या मूळ साठ्याच्या गोठलेल्या ट्यूबला काडीने हलकेच खरवडून प्लेटवर रेघा ओढल्या आणि प्लेट उबेत ठेवली.

बुधवार, १९ एप्रिल

कालचं पान कोरं सोडलं. प्लेट उबेत होती, मी खोलीत होते, दोघींचंही काही घडलं नाही. घरमालकीणबाईही गावाला गेल्या. अकरा खोल्यांत मी एकटी, आणि नळाचं पाणी सोडलं की पूर्ण इमारतीत घुमतं.

कॉलन्या, म्हणजे जंतूंचे ठिपके, मात्र भरपूर आल्यात. प्लेट गच्च भरलीय. बाईंची प्लेट कधी इतकी भरलेली पाहिली नाही, थोडा गर्वच वाटला. चार कॉलन्या उचलून चार नळ्यांत सोडल्या आणि शेकरवर ठेवल्या. तो रात्रभर नळ्या हलवत राहील.

खाली फाटकावर पाक एंगकोस असतात, पहारेकरी. सुट्टीभर त्यांचीच पाळी. गाव कुनिंगानकडे, बायको तिकडे. इकडे मुलीला नेंग म्हणतात. मला विचारतात, "नेंग, त्या तुमच्या जंतूंत डुक्कर आहे म्हणे?"

"डुक्कर नाही पाक. डुकराच्या आजाराच्या विषाणूतली एक ओळ. पोथीतली एक ओळ म्हणा."

"कुठल्या पोथीतली ओळ यालाही महत्त्व असतं," ते म्हणाले. "मी आपला जिन्याखालूनच विचारत जाईन."

गुरुवार, २० एप्रिल

नळ्या ढगाळ. चारही. उजेडात धरून हलवल्या की रेशमासारखे पट्टे फिरतात. पाक एंगकोसनी जिन्याखालून हाक मारली, "बाळं उठली का?"

"उठली, आणि चांगली गुटगुटीतही झालीत."

"आईवर गेली," ते म्हणाले. आज दिवसभरात कोणी माझ्याशी बोललेलं एवढंच, असं लिहिणार होते, पण दुपारी आईचा फोन आला. गुरुवारी ती कधी करत नाही.

"नोना, समजा एखाद्याच्या गोठ्यात तो ताप आला, तर कपडे कसे धुवायचे?"

"उकळून. चपलासुद्धा घासून धुवायच्या. दुसऱ्याच्या गोठ्यात पाऊल टाकायचं नाही आणि कोणाला आपल्यात येऊ द्यायचं नाही. उरलेलं मांस कोणाला द्यायचं नाही, खोल पुरायचं, वर चुना. का गं?"

"शेजारच्या मार्ताकाकूसाठी विचारतेय."

मी तिला वीस मिनिटं शिकवलं. ती इतकं मन लावून कधी ऐकत नाही, मध्ये दोनदा "थांब, बाबांना लिहून घेऊ दे" म्हणाली. मार्ताकाकूची एवढी काळजी आईला कधीपासून? पण बरं वाटलं. माझ्या शिक्षणाचा कोणाला तरी उपयोग होतोय.

संध्याकाळी जंतू गोळा करून फोडले. चिकट तार सुटली, मग पुढचं द्रावण घालताच टोफू करताना दूध फाटतं तसे पांढरे गोळे आले. सगळं अगदी पुस्तकात असतं तसं.

शुक्रवार, २१ एप्रिल

डीएनए तपासायच्या जेलवर काहीच नाही. कडं असेल तर तिथे उजळ पट्टी दिसते. चार रकाने काळेकुट्ट. मापपट्टीचा रकाना तेवढा शिडीसारखा झगमगत होता, जणू मला चिडवायला.

द्रावणं जुनी असतील. नाहीतर मी जास्त जोरात हलवलं. उद्या पुन्हा.

शनिवार, २२ एप्रिल

लेबारान. पहाटेपासून चहूबाजूंनी मशिदींतून तकबीरचा गजर. सणाचा आवाज आपला नसला की तो जास्तच मोठा वाटतो. रस्त्यावरच्या सगळ्या टपऱ्या बंद. मी नूडल्सचं पाकीट फोडलं आणि जंतूंना वाढताना बघत खाल्लं. दुसऱ्या चार नळ्या लावल्यात. या खेपेला आणखी गच्च.

दहा वाजता पाक एंगकोस नवा सारोंग नेसून पहिल्यांदाच वर आले. हातात डबा, त्यात माडाच्या पानातला भात आणि नारळाच्या रसातली कोंबडी. दाराशी थांबून म्हणाले, "नेंग, वर्षभरात काही चुकलं असेल तर माफ करा." आज सगळे सगळ्यांना असंच म्हणतात. मीही म्हणाले.

मग ते तिथेच उभे राहिले. म्हणाले, बायकोशी व्हिडिओवर बोललो, नातवाने आजोबांना ओळखलं नाही, पहारेकऱ्याची टोपी बघून रडला. "टोपी काढली तर टक्कल बघून रडला," ते म्हणाले. आम्ही दोघं हसलो. मी खुर्ची दिली, पण जंतूंच्या खोलीत बसणार नाही म्हणाले. जिन्याच्या पहिल्या पायरीवर ते, दारात मी, असं जेवलो. गेल्या आठ दिवसांत कोणाबरोबर जेवले नव्हते हे तेव्हा लक्षात आलं.

रविवार, २३ एप्रिल

दुसऱ्या खेपेलाही जेल काळं.

घरी फोन. आज आवाज इतका स्वच्छ आला, जणू आई शेजारच्या खोलीत बसलीय. मागे कसलीच कलकल नाही. म्हटलं, "टॉवर दुरुस्त केला वाटतं." ती "असेल" म्हणाली. बाबाही घरीच होते, भरदुपारी. ते फोनवर यायचं टाळतात, आज आपण होऊन आले आणि विचारलं, जेवतेस ना, झोपतेस ना.

"प्रोफेसर कसा आहे?"

"झोपलाय," आई मागून म्हणाली.

जंतू जमत नाहीत हे मी सांगितलं नाही. सांगून काय होणार, ती तिथे काळजी करत बसेल.

मंगळवार, २५ एप्रिल

तिसरी खेप. काळं. आता साठ्याच्या ट्यूबमध्ये बोटाच्या पेराएवढा बर्फ उरलाय. तो संपला की कडं संपलं. आज बाथरूममध्ये नळ सोडून रडले. अख्ख्या इमारतीत कोणी नाही, मग नळ कशाला सोडला, ते माझं मलाच कळलं नाही.

डॉ. ब्लासियसचा जकार्ताहून फोन आला. "रविवारी मिळेल ना? तपासणीशिवाय लोक ऐकत नाहीत हो. ऊन लागलं म्हणतात आणि आजारी डुक्कर कापून वाटून टाकतात."

"मिळेल," मी म्हणाले. कुठल्या तोंडाने म्हणाले देव जाणे.

"तुम्ही मौमेरेजवळच्या कोटिंगच्या ना? वरची आळी?" मग, "घरी बोलणं होतं ना?"

"दर रविवारी."

"बरं, बरं," ते म्हणाले आणि विमानाची वेळ सांगायला लागले.

धाकट्या भावाने फोटो पाठवलाय, नवी सायकल. सायकलपेक्षा मी मागचंच बघत बसले. अंगण, फणस, प्रोफेसरचा गोठा. गोठ्याला पांढरा रंग दिलाय, जमिनीलासुद्धा. माझ्या मेजवानीची तयारी आतापासूनच चाललेली दिसते. आणि इथे मला एक पट्टी उजळवता येत नाही.

बुधवार, २६ एप्रिल

शेवटी बाईंना फोन केला. त्या सासरी सोलोला आहेत, मागे भांड्यांचा आवाज येत होता. मी सगळं सांगितलं. त्या ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"कॉलन्या किती होत्या?"

"प्लेट भरून."

"तुझी छाती फुगली असेल."

"फुगली होती, बू."

"सेन्सी, त्या ट्यूबमधले अर्धेअधिक जंतू कडं टाकून बसलेलेच असतात. औषध जिवंत असेल तर मोजून दहा-पंधरा कॉलन्या येतात. प्लेट भरली म्हणजे मरायला हवे होते तेही जगले. औषध तपासलंस?"

"नाही, बू."

"कडं नसलेले साधे जंतू त्याच औषधाच्या प्लेटवर लाव. उद्या सकाळी बघ. आणि जेव काहीतरी."

गुरुवार, २७ एप्रिल

साधे जंतू उगवले. मजेत. औषध मेलेलं आहे.

म्हणजे तीन खेपा मी ज्यांना गुटगुटीत म्हणून मिरवत होते ते रिकामे होते. भीती नाही म्हटल्यावर ओझं कोण वागवणार? कडं नसलेले हलके, ते भराभर वाढले आणि बाकीच्यांना मागे टाकून गेले.

पण औषध मेलं कशाने? मी डायरी उघडून पहिल्यापासून वाचली. चौदा तारखेला ट्यूब खिडकीशी काढल्या, सतराला परत ठेवल्या. तीन दिवस, बोगोरच्या उन्हात. तेही माझ्याच अक्षरात, देखण्या फ्रीझरच्या कौतुकासह. कोणावर ढकलायलाही जागा नाही.

कोरडी पूड कपाटात होतीच. नवीन द्रावण करायला दहा मिनिटं लागली. नव्या प्लेटा ओतल्या. एका प्लेटवर साधे जंतू, दुसऱ्या प्लेटवर साठ्याची शेवटची खरवड.

डायरी वाचताना आणखी एक गोष्ट सापडली. ती आत्ता लिहीत नाही. आधी जंतू.

शुक्रवार, २८ एप्रिल

साधे मेले. आपल्या अकरा कॉलन्या. अकराच. सहा उचलल्या.

दिवसभर फोन हातात घेऊन खाली ठेवला.

शनिवार, २९ एप्रिल

सहापैकी पाच रकान्यांत पट्टी. उजळ, सुबक, जिथे हवी तिथेच. मी कितीतरी वेळ अंधाऱ्या खोलीत तो नारिंगी उजेड बघत उभी राहिले. पूर्वी अशा वेळी तेह लिलिसला हाक मारायचे. आज जिन्यावर जाऊन ओरडले, "पाक, बाळं खरी निघाली."

"मग आधीची कोणाची होती?" खालून आवाज आला.

साठ्याच्या सहा नव्या ट्यूबही करून ठेवल्या. आता कडं संपणार नाही.

रविवार, ३० एप्रिल

डॉ. ब्लासियस आठ वाजता बर्फाची पेटी घेऊन आले. माझ्याच बोलीतला माणूस दोन वर्षांनी समोर उभा होता. ट्यूब पेटीत ठेवल्या, सही केली. त्यांनी झाकण लावलं, उघडलं, पुन्हा लावलं.

मी म्हणाले, "डॉक्टर, मला माहीत आहे."

त्यांनी श्वास सोडला. "तुमच्या आईने शपथ घातली होती. वरच्या आळीत पहिला गोठा तुमचाच. मी गेलो तेव्हा पुरून, चुना टाकून, कपडे उकळायला ठेवलेले. तुकडासुद्धा वाटला नव्हता. पुढच्या घरांत अजून एकही डुक्कर आजारी नाही. मार्ताकाकूंची सहाच्या सहा उभी आहेत."

ते गेल्यावर मिस्सेला गेलेच नाही. जिन्याच्या पायरीवर बसून फोन केला. आवाज स्वच्छ. मागे शांत.

"जेवलीस का नोना?"

"आई, चुना किती वेळा टाकलात?"

मग हळूच म्हणाली, "तीनदा."

"पुरे तीनदा. आता सहा महिने नवीन पिल्लू आणू नका."

"बाबा म्हणत होते, तुझ्या मेजवानीला..."

"कोंबड्या करू."

"कोणी सांगितलं तुला? त्या ब्लासियसनं?"

"तूच सांगितलंस आई. दर वेळी थोडं थोडं. मी लिहून घेत होते, वाचत नव्हते."

मग ती रडली. पहिल्यांदा, म्हणाली, इतके दिवस रडलेच नाही, बाबांसमोर कशी रडू, त्यांनी तर त्या दिवसापासून गोठ्याकडे तोंडही फिरवलं नाही. "तू तिथे एकटी. रडली असतीस तर जवळ कोण होतं?" मीही रडले. पाक एंगकोस फाटकावरून वर आले, मला बघून दोन पायऱ्या खाली बसले आणि टोपी काढून मांडीवर ठेवली.

"कधी गेला?" मी विचारलं.

"मंगळवारी. तू केळीचा गाभा सांगितलास ना, तो दिला. तेवढा खाल्लान्."

वर येऊन डायरी उघडली आणि मागे गेले. अठरा एप्रिल, मंगळवार. काही घडलं नाही म्हणून सोडलेलं कोरं पान. त्यावर आज लिहिलं:

आज प्रोफेसर गेला. आईने केळीचा गाभा बारीक चिरून दिला होता.